टाळेबंदीतील प्रवेशपूर्व मार्गदर्शन आणि न विचारले जाणारे प्रश्न

गुजरात बोर्डाची बारावीची परीक्षा 2020 साली टाळेबंदीपूर्वीच पार पडली होती. मात्र 25 मार्चपासून देशभर सर्व काही बंद झाल्यामुळे परीक्षेनंतर वडोदऱ्यात दरवर्षी सुरू होणारी प्रवेशाची लगबग त्या वर्षी दिसलीच नाही. शाळाभेटी, पालकसभा, प्रवेश मेळावे, प्रयोगशाळा व ग्रंथालय दाखवण्याचे दिवस, हे सगळे एकाएकी थांबले. आमच्या विभागात प्रवेशपूर्व मार्गदर्शनाचे काम माझ्याकडे असल्याने ते ऑनलाइन कसे न्यायचे, हा प्रश्न साहजिकच माझ्यासमोर आला.

सर्वांना सुचलेला पहिला मार्ग वेबिनारचा होता. झूमच्या विनामूल्य खात्यावर शंभर जणांना एकत्र येता येत असे, परंतु सभा चाळीस मिनिटांनी आपोआप संपे. आपल्याकडच्या कार्यक्रमांची रीत पाहता ही मर्यादा फारच तोकडी होती, कारण स्वागत, प्रास्ताविक, मान्यवरांचा परिचय आणि त्यांचे शुभेच्छापर भाषण एवढ्यातच अर्धा वेळ सरे. (दीपप्रज्वलनाचे छायाचित्र पडद्यावर दाखवणारे संयोजकही मी पाहिले आहेत.) उरलेल्या वेळात चॅटमध्ये प्रश्न येत ते शुल्क किती, शेवटची तारीख कोणती आणि वसतिगृह मिळेल का, एवढेच. ही सगळी माहिती संकेतस्थळावर आधीपासूनच होती.

मेळाव्यातल्या टेबलापाशी विचारला जाणारा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न मात्र पडद्यावर कधीच आला नाही, आणि तो होता माध्यमाचा. महाराजा सयाजीराव विद्यापीठात अध्यापनाचे माध्यम इंग्रजी आहे आणि शहरातील खासगी विद्यापीठांतही बहुधा तेच चालते. उलट छोटा उदेपूर, दाहोद किंवा पंचमहालमधून येणारी बहुसंख्य मुले गुजराती माध्यमात शिकलेली असतात. दांडिया बाजार किंवा वाडीतल्या मराठी घरांतील मुलांपैकीही अनेकांची हीच स्थिती असते, कारण घरी मराठी, शाळेत गुजराती आणि महाविद्यालयात इंग्रजी असा त्यांचा प्रवास होतो. अशा मुलाचे वडील मेळाव्यात आजूबाजूची गर्दी ओसरेपर्यंत थांबत आणि मग हलक्या आवाजात विचारत, “सर, याला इंग्रजीत झेपेल का हो?” ज्या वेबिनारमध्ये प्रत्येकाचे नाव पडद्यावर झळकते आणि मुलाचे शाळासोबती व शिक्षकही हजर असतात, तिथे हे कोण विचारणार?

म्हणून आम्ही वेबिनारांची संख्या कमी केली आणि संध्याकाळच्या ठराविक वेळी साध्या फोनवर बोलण्याची सोय ठेवली. उत्तरे देण्यासाठी प्राध्यापकांऐवजी स्वतः गुजराती माध्यमातून आलेले वरच्या वर्गांतील विद्यार्थी बसवले, आणि मराठीत बोलू इच्छिणाऱ्या पालकांसाठी एक विद्यार्थिनी ठेवली. पहिल्या सत्रात व्याख्यान कळत नाही तेव्हा काय करावे, उत्तरपत्रिकेत वाक्ये चुकली तर किती बिघडते, शिक्षक वर्गात गुजरातीत समजावतात का, या प्रश्नांना त्यांच्याइतके प्रामाणिक उत्तर मी देऊ शकलो नसतो. साध्या फोनचा आणखी एक लाभ असा, की त्याला डेटा लागत नाही. घरात एकच स्मार्टफोन आणि दिवसाला दीड जीबीची योजना असेल, तर भावंडांचे वर्ग आटोपेपर्यंत तो डेटा संपलेला असे.

2021 मध्ये चिंतेचे स्वरूप बदलले. दुसऱ्या लाटेमुळे जूनच्या आरंभी बारावीच्या परीक्षा रद्द झाल्या आणि मागील इयत्तांच्या गुणांना धरून निकाल लावण्याचे ठरले. दहावीत मागे पडलेली आणि बारावीसाठी जीव ओतून अभ्यास केलेली मुले त्यामुळे हवालदिल झाली. प्रवेशाचे निकष जाहीर झालेले नसताना त्यांना खोटा दिलासा देणे मला योग्य वाटले नाही; निकष ठरताच आम्ही स्वतः फोन करू, एवढेच आम्ही सांगितले आणि तसे फोन केले.

ऑनलाइन मार्गदर्शनाचा खरा लाभ मुलींना झाला, असे माझे मत आहे. वडोदऱ्यापर्यंतचा प्रवास, सोबतीला कोणी मोठे माणूस आणि त्याची बुडणारी रोजंदारी यांमुळे ज्या मुली मेळाव्याला कधीच येऊ शकल्या नसत्या, त्यांनी प्रयोगशाळेचे आणि वसतिगृहाच्या खोलीचे छोटे ध्वनिचित्रमुद्रण व्हॉट्सॲपवर आईसोबत पाहिले. वसतिगृहाचे फाटक रात्री किती वाजता बंद होते, हे विचारणारे फोन आयांचेच अधिक आले. संपूर्ण वेबिनारचे रेकॉर्डिंग मात्र फारसे कोणी पाहिले नाही. एकाच प्रश्नाचे उत्तर देणाऱ्या दोन मिनिटांच्या चित्रफितीच पुढे पाठवल्या गेल्या.

आता मेळावे पूर्ववत भरतात, आणि 2024 पासून गुजरातमधील सरकारी विद्यापीठांच्या प्रवेशअर्जांसाठी राज्याचे सामाईक पोर्टलही आले आहे. आम्ही फोनची वेळ तशीच चालू ठेवली आहे. ती संध्याकाळी साडेसात ते नऊ अशी असते, कारण तोवर वडील कामावरून परतलेले असतात.