इंजेक्शनने दिलेला पुरावा

वेदनाचिकित्सा विभागात माझ्या टेबलावर आधी फाईल येते आणि मग माणूस. रुग्ण बहुधा अस्थिरोगतज्ज्ञ, न्यूरॉलॉजिस्ट आणि कधीकधी मानसोपचारतज्ज्ञ असा फेरा पुरा करून आलेला असतो. या बाईंची फाईल पतीच्या हातात होती आणि बोलतही तेच होते. उजव्या मनगटाचे हाड मोडले, प्लास्टर झाले, हाड जुळले, एमआरआय झाला, नसांची तपासणी झाली. 'डॉक्टर, हिचे सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत,' असे ते म्हणाले तेव्हा त्यांच्या सुरात तक्रार होती. ती आजाराविषयी की पत्नीविषयी, हे मला उमगले नाही.

दुखरा हात मी आधी कधीच तपासत नाही. चांगल्या हातावरून कापसाचा पुंजका फिरवला, तो कसा लागतो ते विचारून घेतले आणि मग परवानगी मागून तोच पुंजका उजव्या हाताच्या पाठीवर नुसता टेकवला. बाईंनी हात ओढून घेतला नाही, पण त्यांचा श्वास अडकला. त्वचा ताणलेली आणि चकचकीत, बोटे सुजलेली, तळवा डाव्यापेक्षा दोन अंशांनी थंड आणि घामेजलेला, मूठ अर्ध्यावरच अडलेली. 'चादर लागली तरी भगभगतं,' त्या खाली बघत म्हणाल्या.

हा कॉम्प्लेक्स रीजनल पेन सिंड्रोम होता, म्हणजे इजा भरून आल्यावरही हात किंवा पाय मूळ इजेच्या मानाने फार जास्त दुखत राहण्याचा आजार. रक्ततपासणीत तो सापडत नाही आणि एमआरआय नॉर्मल असला म्हणून तो नाही असेही ठरत नाही. 2003 साली बुडापेस्टला झालेल्या तज्ज्ञांच्या बैठकीतून निघालेले त्याचे निकष सगळे विचारण्याचे आणि पाहण्याचे आहेत: मूळ इजेच्या मानाने फार जास्त आणि न थांबणारी वेदना; संवेदना, रंग व तापमान, सूज व घाम, हालचाल व त्वचा-नखे या चार गटांपैकी किमान तीन गटांत तक्रार आणि किमान दोन गटांत प्रत्यक्ष खूण; शिवाय या सगळ्याचा उलगडा करणारा दुसरा आजार नसणे. यासाठी यंत्र लागत नाही, पाऊण तास लागतो, आणि तोच कुणाकडे नसतो. हाडाच्या डॉक्टरांनी हाड पाहिले, ते नीट जुळलेही होते, त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. पण 'आता दुखायला नको' असे सांगून वर हात झोळीतच ठेवायला लावणे हे मला अक्षम्य वाटते, कारण न वापरलेला हात या आजारात आणखी बिघडत जातो.

रात्रीसाठी ॲमिट्रिप्टिलीनचा लहान डोस, जोडीला गॅबापेंटिन आणि फिजिओथेरपी सुरू केली. फिजिओथेरपीची सुरुवात हाताला हात न लावता होते. चित्रातला हात डावा की उजवा ते ओळखायचे, मग हालचाल नुसती मनात करायची आणि नंतर आरशात चांगल्या हाताचे प्रतिबिंब पाहत दोन्ही हात हलवायचे. चित्रे बाई ओळखू लागल्या, पण प्रत्यक्ष हालचालीपाशी गाडी अडली. तेव्हा मी स्टेलेट गँग्लियन ब्लॉक द्यायचे ठरवले, म्हणजे हाताच्या रक्तवाहिन्या आवळणाऱ्या नसांची मानेत जी गाठ असते, तिच्यापाशी भुलीचे औषध सोडून त्या नसा काही काळ बधिर करायच्या.

हे काम मला मनापासून आवडते, हे लपवण्यात अर्थ नाही. मानेच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर सोनोग्राफीच्या पडद्यावर आधी धमनी शोधायची, प्रोबच्या दाबाने चपटी होणारी शीर ओळखायची, थायरॉईडला चुकवायचे आणि लाँगस कोलाय या मानेतल्या स्नायूवरच्या पातळ आवरणाखाली सुईचे टोक नेऊन थांबायचे. सुईत रक्त येत नाही याची खात्री करून भुलीचे औषध थोडे थोडे सोडायचे. ते योग्य जागी पसरले की पडद्यावर काळी चंद्रकोर उमटते. काही मिनिटांत ब्लॉक लागल्याच्या खुणा दिसल्या: बाईंची उजवी पापणी किंचित ओघळली, बाहुली आकसली आणि 31 अंशांवर असलेला तळवा 34 वर गेला. त्यांनी डाव्या हाताने उजवा हात धरला आणि धरूनच ठेवला.

पतीने तापमापकाचा आकडा वाचला आणि म्हणाले, 'म्हणजे खरंच होतं तर.'

मी त्यांना समजावले की इंजेक्शन लागू पडल्याने काहीच सिद्ध होत नाही. पुष्कळ रुग्णांना ते लागू पडत नाही, त्यांचीही वेदना तितकीच खरी असते. आणि उलट नुसत्या सलाईनच्या इंजेक्शननेही काही जणांना तात्पुरता आराम पडतो. वेदनेच्या 2020 साली सुधारलेल्या आंतरराष्ट्रीय व्याख्येसोबतच्या टिपांत, माणूस दुखते म्हणतो तेव्हा त्या सांगण्याचा आदर राखावा, असे स्वच्छ लिहिले आहे. अर्थात ते वाचतात ते आधीच पटलेले लोक. पती मान हलवत होते, पण नजर तापमापकावर होती.

औषधाचा असर काही तासांचाच असतो. त्या वेळेत व्यायाम करून घेता यावा एवढाच त्याचा उपयोग, हे मी आधीच सांगितले होते. पुढच्या भेटीत वेदना परतलेली होती, आणि आता पतीचे म्हणणे होते, 'त्या दिवशी तर पूर्ण गेलं होतं, मग आता परत कसं?' जो आराम आधी बाईंच्या बाजूचा पुरावा ठरला होता, तोच आता त्यांच्याविरुद्ध उभा होता. मला राग आला तो मात्र पतीपेक्षा आमच्या व्यवस्थेचा. सुई टोचण्याचे बिल विमा कंपनी विनातक्रार मंजूर करते, पाऊण तास ऐकून घेण्यासाठी फॉर्मवर रकानाच नसतो. मग ज्याला रकाना आहे तेच लोकांना खरे वाटले तर नवल काय?

दुसरा ब्लॉक द्यावा की नाही यावर मी बराच वेळ घुटमळले. व्यायामासाठी तो हवाच होता, पण लागू पडला नसता तर निकाल बाईंच्या विरोधात लागला असता. शेवटी मी त्यांनाच विचारले. त्या म्हणाल्या, 'द्या. पण यांना बाहेर बसू दे.'

या वेळी तळवा जेमतेम एका अंशाने तापला आणि दहापैकी आठवर असलेली वेदना पाचवर आली. फिजिओथेरपिस्टने तेवढ्यातच काम उरकले, आणि अंगठ्याचे टोक प्रथमच करंगळीच्या मुळाशी पोहोचले. बाहेर आल्यावर पतीने मला तापमान विचारले. मी त्यांना आकडा सांगितला नाही, घरी करायच्या व्यायामाचा कागद दिला आणि आरसा कसा धरायचा ते दाखवले. तो त्यांनी दोन-तीनदा नीट धरून पाहिला. तिसऱ्या ब्लॉकचे अजून ठरलेले नाही.