कोल्हापुरात लहान मुलाची सिलिअ‍ॅक बायोप्सी: तपासणी सोपी, उपाशी ठेवणं जीवघेणं

"दहा मिनिटांचं काम आहे ताई, सकाळी आठला आणा, दुपारच्या जेवणाला घरी जाल." काउंटरवर आम्हांला एवढंच सांगितलं होतं. दहा मिनिटांचं तेवढं खरं निघालं. बाकीच्या दिवसात हाल झाले ते अडीच वर्षांच्या पोराचे, आणि त्यातले निम्मे टाळता आले असते. सिलिअ‍ॅक म्हणजे गव्हातल्या ग्लूटेनमुळं लहान आतड्याचं अस्तर खराब होणारा आजार, आणि बायोप्सी म्हणजे त्या अस्तराचे बारीक तुकडे काढून तपासणं. कोल्हापुरात ही तपासणी करून घेणाऱ्यांनी बाकी काही नाही तरी उपाशी ठेवण्याचा भाग नीट वाचा.

रक्तातली टीटीजी (सिलिअ‍ॅकमध्ये वाढणारी, आयजीए प्रकारची अँटीबॉडी) वाढलीय आणि डॉक्टरांनी एंडोस्कोपी (तोंडातून नळी घालून आतून बघणं) सांगितलीय, इथपर्यंत तुम्ही आला आहात असं धरते. टीटीजीसोबत टोटल आयजीए (रक्तातल्या सगळ्या आयजीए अँटीबॉडींचं एकूण प्रमाण) झाली नसेल तर करून घ्या. आयजीए मुळातच कमी असलं तर टीटीजी नॉर्मल दिसते आणि फसवते. युरोपच्या 2020 च्या नियमांप्रमाणे टीटीजी नॉर्मलच्या दहा पट किंवा जास्त असली आणि रक्ताच्या वेगळ्या नमुन्यात ईएमए (सिलिअ‍ॅकचीच दुसरी अँटीबॉडी तपासणी) पॉझिटिव्ह आली, तर मुलांमध्ये बायोप्सीशिवायही निदान करता येतं. आमचा आकडा तिथवर पोचत नव्हता. तुमचा पोचत असेल तर "बायोप्सी लागेलच का?" हे डॉक्टरांना तोंडावर विचारा.

आणि गहू बंद करू नका. ओळखीतल्या एका डॉक्टरांनी "चपाती थांबवून बघा" असं अगदी सहज सांगितलं होतं. गहू थांबला की आतड्याचं अस्तर भरून यायला लागतं आणि नमुन्यात आजार दिसेनासा होतो. सासूबाईंना हे पटवताना नाकी नऊ आले. ज्यानं लेकराचं पोट फुगतंय तेच त्याला भरवायचं, हे त्यांना बघवत नव्हतं. तरी चपाती, शेवयाची खीर, शिरा सगळं तपासणीपर्यंत चालू ठेवलं.

आता तो दिवस. फोनवर सिस्टरनी सांगितलं होतं, "रात्री बारानंतर काही नको, पाणीसुद्धा नको." पोरगं नऊलाच झोपलेलं, म्हणजे त्याचा उपास तिथूनच सुरू. सकाळी आठला आम्ही हजर. डॉक्टर पुण्याहून येणारे, हे तिथं गेल्यावर कळलं. हायवेवर सहापदरीकरणाचं काम, साताऱ्याच्या अलीकडे गाडी अडकलेली. दहा वाजले, अकरा वाजले. वेटिंग हॉलमध्ये आमच्या समोरच पाण्याचा कूलर, त्याला साखळीनं बांधलेला स्टीलचा पेला. कोणी पाणी घेतलं की साखळी वाजायची आणि पोरगं हात लांब करून "मम्म, मम्म" करायचं. ओठ सुकलेले, रडून आवाज बसलेला. विचारलं की एकच उत्तर, "होईल आत्ता." नंबर लागला तेव्हा एक वाजून गेला होता.

भूलतज्ज्ञ आत घेताना म्हणाले, "पाणी का नाही दिलं? दोन तास आधीपर्यंत चाललं असतं." माझ्या डोळ्यांपुढं अंधारी आली. हिशेब लिहून घ्या: जेवण आणि वरचं दूध सहा तास आधी बंद, आईचं दूध चार तास, साधं पाणी किंवा साखरपाणी दोन तास. तुमच्या मुलासाठी यात काही बदल आहे का, हे आदल्या दिवशी खुद्द भूलतज्ज्ञांकडून फोनवर विचारून घ्या. निरोपावर राहू नका. डॉक्टर बाहेरगावचे असतील तर पहाटे हॉस्पिटलला फोन करून ते निघाले का ते विचारा आणि तास त्यांच्या पोचण्याच्या वेळेपासून उलटे मोजा. यादीत पहिला नंबर मागा. देत नसतील तर दुसरी तारीख घ्या. एवढ्या लहान मुलाला दुपारचा नंबर घेऊच नका, माझं स्पष्ट मत आहे. आणि कूलरसमोर बसू नका.

सर्दी, खोकला, ताप असेल तर घरूनच कळवा, भूल पुढे ढकलतात. सलाइनची सुई टोचण्याआधी तासभर हातावर बधिर करणारं मलम लावतात, ते मागावं लागतं.

प्रत्यक्ष तपासणीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पोरगं माझ्या मांडीवरच झोपी गेलं, मग मला बाहेर पाठवलं. तोंडातून नळी घालून लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून तिळाएवढे तुकडे घेतात. निदान चार तरी आणि अगदी वरच्या भागातून आणखी एखाद-दोन, कारण आजार ठिकठिकाणी विखुरलेला असू शकतो. किती घेणार हे आधी विचारा. कापाकापी नाही, टाके नाहीत.

शुद्धीवर येतानाचं मात्र कोणीच सांगत नाही. पोरगं मला ओळखेना. लाथा मारत, सुई ओढत अर्धा तास किंचाळत होतं. भुलीतून उठताना लहान मुलांचं असं होतं आणि आपोआप निवळतं. हे आधी ठाऊक असतं तर आजोबांना चक्कर आली नसती. घरचं एकच धीराचं माणूस आत न्या.

बिलाचं ऐका. "पॅकेज" म्हणून सांगितलेल्या रकमेत भूलतज्ज्ञांची फी नव्हती, डे-केअरची खोली नव्हती आणि पॅथॉलॉजीचं बिल तर वेगळ्याच पावतीवर आलं. पॅकेजमध्ये काय काय आहे ते कागदावर लिहून मागा. विम्याचं प्री-ऑथ, म्हणजे कंपनीची आगाऊ मंजुरीही आधीच घ्या. डिस्चार्जला बसून हुज्जत घालायचं त्राण कोणात उरत नाही.

घरी आल्यावर घसा दुखणं, थोडी चिडचिड चालते. रक्ताची उलटी, काळी शी, थांबत नाही असं पोटदुखणं किंवा ताप आला तर सकाळची वाट बघू नका, लगेच परत न्या. आमच्याकडे यातलं काही झालं नाही. अहवाल हातात येईपर्यंत गहू चालूच ठेवायला सांगितलं होतं, कारण नमुना अपुरा निघाला तर पुन्हा तपासणी करावी लागते.

अहवालात "मार्श 3" आलं, म्हणजे आतड्यातले अन्न शोषणारे बारीक उंचवटे झिजलेले. रडू आलं आणि सुटल्यासारखंही वाटलं. त्याच आठवड्यात आम्ही दोघांनी आणि थोरलीनं टीटीजीला रक्त दिलं. सख्ख्या नात्यात हा आजार असण्याची शक्यता जास्त असते, तेव्हा तुम्हीही हे टाळू नका.

आता गहू बंद, घरात भाकरी. लक्ष्मीपुरीतनं ज्वारी, नाचणी हवी तेवढी मिळते, पण कोपऱ्यावरच्या गिरणीत दळू नका. आधीच्या गिऱ्हाइकाचं गव्हाचं पीठ जात्यातच असतं, त्यावर ज्वारी टाकली की सगळं मुसळ केरात. आम्ही घरगुती चक्की घेतली आणि तिच्यात गहू कधीच जाणार नाही असं ठरवलं. डब्यातला हिंगही बघा. बऱ्याच कंपन्या त्यात गव्हाचं पीठ घालतात, मागं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं.