रूळ शिवणे, नग १

रब्बीचं पाणी सुरू झालं की माझ्या वाइंडिंगच्या दुकानात पाय ठेवायला जागा राहत नाही. विहिरीवरच्या मोटारी, बोअरचे पंप, सगळ्यांना काम कालच हवं असतं. अशा डिसेंबरातल्या एका सकाळी पूर्णेहून एक आजोबा आले. सोबत दहा-अकरा वर्षांचा नातू आणि हातात बुटाचं खोकं. मला वाटलं मिक्सरचं आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरणारा गाभा, असेल. खोक्यातून निघालं खेळण्यातलं काळंभोर वाफेचं इंजिन. तळहातावर मावेल एवढं, पण वजनाला चांगलंच.

आजोबा रेल्वेतले निवृत्त ड्रायव्हर. मीटरगेजच्या जमान्यात पूर्णेला खलाशी म्हणून लागले, फायरमन झाले, मग वायडीएम-४ हे मीटरगेजचं डिझेल इंजिन चालवलं. मुलगा स्टुटगार्टला नोकरीला. त्यानं तिथल्या जुन्या बाजारातून वडलांसाठी हे मेर्कलिन या जर्मन खेळणी कंपनीचं इंजिन पाठवलं होतं. नातवाकडं आधीपासून दुसऱ्या कंपनीचा गाडीचा सेट होता, लंबगोल रूळ आणि त्यांना वीज पुरवणारा १२ व्होल्ट डीसीचा डबा. रुळाची रुंदी तीच, १६.५ मिलिमीटर. पण हे इंजिन रुळावर ठेवलं रे ठेवलं की डबा ट्रिप. एका कारागिरानं तर ‘मोटर जळाली, फेकून द्या’ म्हणून सांगितलं होतं.

‘जगात जर्मनी, भारतात परभणी म्हणतात ना,’ आजोबा म्हणाले, ‘जर्मनीचं आणलंय, आता परभणीनं बघावं.’

बोअरचा पंप बाजूला सरकवला. मीटर लावला तर डाव्या चाकापासून उजव्या चाकापर्यंत सरळ बीप. सगळी चाकं, आस, चेसी, एकच धातू. मीही मनात म्हटलं, शॉर्ट आहे. मग इंजिन उलटं केलं. पोटाखाली बोटभर लांबीची स्प्रिंगची पत्री होती, चेसीपासून वेगळी बसवलेली. पत्री आणि चाक यांच्यात रेझिस्टन्स दाखवत होता, म्हणजे वाइंडिंग शाबूत. मोटारसायकलची बॅटरी ओढून एक वायर पत्रीला, एक चाकाला लावली. चाकं गरगरली. नातू ओरडलाच.

खालचं झाकण काढलं आणि मला हसू आलं. आत मिक्सरचीच मोटर! भोवती स्थिर फील्ड कॉईल, आत आर्मेचर, त्याला ब्रशांकडून वीज देणारा कम्युटेटर. फक्त दोन ब्रशांपैकी एक कार्बनचा आणि दुसरा तांब्याच्या बारीक जाळीचा. युनिव्हर्सल मोटर, एसी द्या की डीसी द्या, तिला फरक पडत नाही. मिक्सरच्या फील्डला एकच दिशा ठाऊक असते. इथं पुढं जायला एक वाइंडिंग आणि मागं यायला दुसरं, शेजारी छोटा रिले, म्हणजे विजेनं पलटणारा स्विच. मेर्कलिनची ही पद्धत जुनी. १६ व्होल्टपर्यंत एसीवर गाडी धावते, आणि क्षणभर २४ व्होल्ट दिले की रिले पलटून दिशा बदलतो. विजेचं एक टोक रुळांच्या मधोमध असलेल्या खिळ्यांच्या ओळीतून पत्रीला, दुसरं टोक दोन्ही रुळांना मिळून. नातवाच्या सेटमध्ये डावा रूळ एक टोक, उजवा दुसरं, म्हणून त्याच्या गाड्यांची चाकं एका बाजूला आसापासून प्लास्टिकनं तोडलेली असतात.

हे मी समजावत होतो तर आजोबांनी मध्येच हात वर केला. ‘मग ह्याचंच बरोबर आहे मिस्त्री. खऱ्या गाडीची चाकंसुद्धा दोन्ही रूळ शॉर्टच करतात. स्टेशनात ट्रॅक सर्किट असतं. रुळात बारीक करंट, त्यावर रिले उचललेला. गाडी आली की आसामधून करंट तिथंच वळतो, रिले पडतो, सिग्नल लाल.’

तीस वर्षं मोटारी बांधतोय, पण लाल सिग्नलमागे ही शॉर्ट असते हे मला त्या दिवशी कळलं.

तरी माझं डोकं इंजिनावरच. कारागिराला दुरुस्तीचा मोह असतोच. मोटरचं काम सोपं होतं. रिले काढायचा, दोन्ही फील्डना एकेक डायोड, जो करंट एकाच दिशेनं सोडतो, उलटसुलट लावायचा, म्हणजे डीसीची दिशा बदलली की वाइंडिंग आपोआप बदलतं. तेवढं मी कागदावर काढलंसुद्धा. अडचण चाकांची. शेजारच्या लेथवाल्याला बोलावलं. तो म्हणाला, एका बाजूच्या चाकांचं भोक मोठं करून फायबरचा बुश बसवू. पण एका बाजूच्या चाकांच्या पाठीला गिअरचे दात, ते चेसीवरच्या पितळी गिअरला भिडलेले, म्हणजे ती बाजू बाद. दुसऱ्या बाजूनं करावं तर चाकाला जोडलेला दांडा पुढं सिलिंडरमध्ये सरकतो आणि सिलिंडर चेसीचाच भाग. बुश घाला नाहीतर काही घाला, करंट दांड्यावरून फिरून येणार. चाकाची कडा वेगळी काढून मधे इन्सुलेशन भरलं तर सुटेल, पण एवढ्याशा चाकात केसाइतका जरी डुगडुग राहिला तरी इंजिन लंगडणार. लेथवाल्यानं दोनदा चश्मा पुसला आणि गप्प बसला.

आजोबा चहा पीत ऐकत होते. म्हणाले, ‘आमच्याकडं मीटरगेजचं ब्रॉडगेज झालं तेव्हा रूळ उखडले. इंजिन कापून रुंद केलं नाही कुणी.’

त्या वाक्यानं माझे दोन तास वाचले.

रूळ बदलायचे ठरल्यावर काम माझ्या हातचं झालं. एक आड एक स्लीपरच्या मधोमध बारीक ड्रिल मारलं, आणि वीस गेजची तार एनॅमल खरवडून त्यातून धावदोऱ्यासारखी शिवत नेली. वर एक टाका, खाली एक टाका. वरचे टाके रुळाच्या माथ्यापेक्षा जरा खालीच, आणि पत्री इतकी लांब की पुढचा टाका धरल्याशिवाय मागचा सोडत नाही. नातू पेचकसानं टाके दाबून बसवत होता. दोन फूट त्याचेच आहेत, थोडे वाकडे.

मग ट्रान्सफॉर्मर. जुन्या स्टॅबिलायझरचं कोअर पडलं होतं. व्होल्टला सात वेढे, म्हणजे १६ व्होल्टला ११२, २४ ला १६८. मधे सहापासून सोळा व्होल्टपर्यंत टॅप, म्हणजे वेढ्यांमधूनच बाहेर घेतलेली टोकं, काढले, पंख्याच्या जुन्या रेग्युलेटरचा फिरता स्विच लावला आणि २४ साठी बेलचं बटण. इथं मी चुकलो. इंजिन धावत असताना नातवानं बेल दाबली आणि फ्यूज टप्पकन उडाला. बरोबरच आहे, एक टॅप चालू असताना दुसरा त्याच वायरला जोडला की मधले वेढे आपसात शॉर्ट. घाईत मीच विसरलो होतो. मग बेल अशी जोडली की स्विच शून्यावर आणल्याशिवाय २४ मिळणारच नाहीत.

दुपारी साडेतीनला इंजिनानं पूर्ण फेरी मारली. चाकांच्या आतल्या बाजूच्या कडा खोल, त्यामुळं काही ठिकाणी रुळाच्या प्लास्टिक खिळ्यांना लागून टकटक व्हायचं. तिथं ब्लेड फिरवलं.

आजोबा खूश, पण नातवाचं तोंड उतरलं. त्याचं स्वतःचं इंजिन आता चालेना. दोन्ही रूळ मी एक करून टाकले होते ना! लेकराची तक्रार रास्त होती. त्यासाठी डबल पोल टू-वे स्विच घातला. एकीकडं केला तर दोन्ही रूळ मिळून ट्रान्सफॉर्मरच्या एका टोकाला, दुसरीकडं केला तर डावा-उजवा वेगळे होऊन डीसीच्या डब्याला. मधली तार तशीच राहू दिली, कारण डीसीवर असताना परतीची वाटच नसल्यानं तिच्यातून काही वाहत नाही. फक्त त्या वेळी आजोबांचं इंजिन रुळावर नको. स्विचच्या एका बाजूला नातवानं स्केचपेननं ‘आजोबा’ लिहिलं, दुसऱ्या बाजूला ‘मी’.

तोवर पंपवाले दोन शेतकरी येऊन उभे होते. ओरडायचं सोडून तेही वाकून बघत होते. एकानं विचारलं, ‘ही मनमाडची का?’ आजोबा म्हणाले, ‘नाही, जर्मनीची. मनमाडची एवढी वेळेवर कुठं असते?’

बिलाच्या वेळी पंचाईत झाली. माझ्या पावतीपुस्तकात पंप, मिक्सर, कूलर असे रकाने छापलेले. शेवटी खाली मोकळ्या जागेत लिहिलं: ट्रान्सफॉर्मर बांधणे, नग १. रूळ शिवणे, नग १. दुसऱ्याची रक्कम काय लिहावी सुचेना. नातवाकडं बघितलं, आडवी रेघ मारली आणि बोअरचा पंप पुन्हा पुढं ओढला.