हप्त्याचं नंतर बघू

आज शोरूममध्ये खुर्चीत टेकतो न टेकतो तोच सेल्समनने विचारलं, "महिन्याला कितीपर्यंत हप्ता झेपेल?" मी म्हटलं, हप्त्याचं नंतर बघू, आधी सगळं धरून गाडी दारात येईपर्यंत किती पडेल ते लिहून द्या. पुन्हा फिरून तोच प्रश्न आला. मीही पुन्हा तेच सांगितलं.

या प्रश्नाची मला मनापासून चीड आहे. आपण हप्त्याचा आकडा बोलून बसलो की गाडीच्या किमतीवर बोलणंच थांबतं. मुदत ताणली की कुठलीही किंमत त्या हप्त्यात बसते. घरी येऊन हिशेब मांडला. कर्ज 100 धरलं आणि व्याज वर्षाला 9 टक्के, तर 5 वर्षांत एकूण साधारण 124.5 फेडावे लागतात, 7 वर्षांत 135. हप्ता साधारण 22 टक्क्यांनी उतरतो, पण व्याज 40 टक्क्यांहून जास्त वाढतं. माणसं हप्ता कमी झाला म्हणून खूश होऊन सही करतात, याचं फार वाईट वाटतं.

आमची जुनी गाडी त्यांनाच देण्याचा विषय त्यानेच काढला. नवीचा भाव ठरेपर्यंत जुनीबद्दल बोलायचं नाही, हे मी आणि बाबांनी निघतानाच ठरवलं होतं. दोन्ही व्यवहार एकत्र केले की इकडे दिलेली सूट तिकडे जुनीचा भाव पाडून वसूल होते आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. जुनीला बाहेर काय मिळेल ते आधीच विचारून ठेवलंय.

कोटेशन हातात आल्यावर एकेका ओळीवर बोट ठेवून विचारत गेले: हे कायद्याने लागतं, की तुम्ही लावलंय? कर आणि नोंदणी ठीक. विमा हवाच, पण तो त्यांच्याकडूनच का? रंगावरचं कोटिंग, सीट कव्हर, वाढीव वॉरंटी, वर 'हँडलिंग', म्हणजे गाडी हाताळण्याच्या नावाखाली लावलेला आकार. कोटिंग आणि हँडलिंग त्याने स्वतःच्या हाताने खोडलं. अजून काही न बोलता नुसतं वाचत राहिले, तर मॅटही फुकट झाली.

मग "हा भाव फक्त आजच्यापुरता" आलं. बाबा हळूच म्हणाले, "घेऊन टाकू या का गं?" मी नकारार्थी मान हलवली. महिनाअखेर जवळ आली की टार्गेटची घाई त्यांना असते, आपल्याला नाही. त्यातून ही गाडी गेल्या वर्षी बनलेली, स्टॉकमध्ये पडून आहे. पुढे विकताना बनावटीचं वर्ष बघूनच भाव होणार, तेव्हा ती घट आजच्या किमतीतून वजा व्हायलाच हवी. नव्याने आलेल्या, वेटिंग असलेल्या मॉडेलवर मी इतकी अडून बसले नसते.

उद्या दुसऱ्या शोरूममधून याच व्हेरियंटचं लेखी कोटेशन आणायचंय. कर्जाचा दर बँकेतही विचारायचाय. आणि बुकिंगचे पैसे देण्याआधी ते परत मिळतील का, हे पावतीवर लिहून घ्यायचं.