मागाच्या खोलीत रंधा मशीन

बेळगावच्या वडगावातल्या आमच्या घराच्या मागच्या खोलीला अजून सगळे ‘मागाची खोली’च म्हणतात. वडिलांचे दोन पॉवरलूम भंगारात गेले त्याला बरीच वर्षं झाली, पण फरशीतले बोल्ट आणि भिंतीत मुरलेला तेलाचा वास तसाच आहे. त्या खोलीत मी सुट्टीच्या दिवशी सुतारकाम करतो. सुताराचा मुलगा नाही, शिकलेलो नाही. दिवसभर एका दुकानात हिशेब लिहितो. एक सागवानी फळी हातरंध्याने सरळ करायला माझा अख्खा रविवार जायचा आणि संध्याकाळी गुण्या लावला की खालून उजेड दिसायचाच.

म्हणून मल्टिपर्पज मशीन घ्यायचं ठरवलं. आपल्याकडची ही मशीनं साधी असतात: एकच शाफ्ट, मधे रंध्याचा ब्लॉक (पाती बसवलेला, फिरणारा), एका टोकाला गोल करवत, दुसऱ्या टोकाला ड्रिलचा चक. नव्याचा भाव ऐकून बायको नुसतं ‘‘बरं’’ म्हणाली. त्या ‘बरं’चा अर्थ कळण्याइतकी वर्षं झालीत लग्नाला. मग जुनं शोधायला लागलो.

पहिलं मशीन शहरातच एका विक्रेत्याकडे सापडलं. हिरवागार चकचकीत रंग, 45 हजार. मी पाच हजार विसार द्यायला निघालोच होतो. शेजारच्या अप्पांना सहज सांगितलं. अप्पांचं सगळं आयुष्य उद्यमबागेत, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीतल्या मशीनशॉपमध्ये गेलंय. म्हणाले, ‘‘पैसे खिशातच ऱ्हाऊ देत. आधी मला दाखव.’’

त्यांनी बरोबर घेतलं काय, तर एक लहान हातोडी, दोन फुटी स्टीलची पट्टी आणि बारीक फट मोजायचा फीलर गेज. तिथे पोचल्यावर मोटर चालूसुद्धा करू दिली नाही. आधी हातोडीने बेड, म्हणजे लाकूड सरकवायचा वरचा सपाट भाग, वाजवायला लागले. ‘‘खानापूरचं मडकं घेताना वाजवून घेतोस का नाही? बीड, ओतीव लोखंड, पण तसंच.’’ पुढच्या कडेला टण्ण वाजलं. बेरिंगच्या घराजवळ आलो तर आवाज बसका. अप्पांनी नखाने रंग खरवडला. रंगाखाली लांबी (पुट्टी) भरलेली, आणि लांबीखाली पितळी झाळीची पिवळी रेघ. बेडला तडा जाऊन तो जोडलेला होता.

‘‘त्येनं काय हुतंय ओ, चालूलाय की,’’ विक्रेता म्हणाला.

परत येताना मी विचारलं, झाळलेलं मशीन अजिबात घेऊच नये का? अप्पा म्हणाले, स्टँडच्या पायाला झाळ असेल तर खुशाल घे, पण जिथे ब्लॉक मिनिटाला चार-साडेचार हजार फेरे घेतो, त्या बेरिंगच्या घराला नको. पाती ज्या दिवशी सुटतील त्या दिवशी तू समोरच उभा असशील.

नंतर दोन महिने काही जमलं नाही. एका मशीनचा बेड मधे झिजून खोलगट झाला होता, दुसऱ्याचा ब्लॉकच बदललेला. ते सांगत बसत नाही.

शेवटी संकेश्वरच्या बाजूला, हिरण्यकेशीच्या काठच्या एका गावात एक म्हातारे बडिगेर, म्हणजे सुतार, मशीन विकताहेत असं कळलं. बैलगाड्या, पेरणीच्या कुऱ्या, नांगर असलं काम करणारे. आता कुऱ्या लोखंडाच्या झाल्या, दारं तयार मिळतात, मुलगा बेंगळूरला. मशीन अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये, वर पोती टाकलेली. रंग कुठेच नाही, सगळीकडे तांबूस गंज. माझं मन खट्टू झालं. अप्पांचा चेहरा मात्र खुलला. ‘‘गंज म्हणजे कुणी काही लपवलं नाही.’’

हातोडीने सगळीकडे एकसारखं वाजलं. बेडवर पट्टी आडवी, उभी, तिरकी ठेवून खाली गेज सरकवून पाहिला. मागच्या बेडच्या एका कोपऱ्यात तेवढा पाच-सहा शतांश मिलिमीटरचा फरक, लाकडाला तो काहीच नाही. मग बेल्ट काढून शाफ्ट हाताने वर-खाली हलवला: प्ले, म्हणजे ढिलेपणा, नाही. हाताने फिरवला तर डाव्या बेरिंगमधून बारीक खरखर आली. ‘‘बेरिंग बाजारात मिळतंय, बेड मिळत नाही,’’ अप्पा माझ्याकडे बघून म्हणाले, पण एवढ्या मोठ्याने की बडिगेरांनाही ऐकू जावं. भाव पाडायची ती त्यांची पद्धत.

नंतर मोटर लावली. बडिगेरांनी सागाच्या दोन पट्ट्या रंधून दिल्या. त्या कडा एकमेकींवर ठेवून आम्ही उजेडाकडे धरल्या. मधून उजेड येत नव्हता, म्हणजे दोन्ही बेड एका पातळीत होते. मात्र कडेवर बारीक लाटा उठल्या होत्या, बोटाला लागतील अशा. मला वाटलं पाती बोथट आहेत. अप्पा खाली वाकून पुली बघायला लागले. मोटर 1440 फेऱ्यांची, तिच्यावर पाच इंची पुली, शाफ्टवर तीन इंची. गुणाकार-भागाकार तर माझंच काम: ब्लॉक जेमतेम 2400 फेरे घेत होता. मोटर मूळची एका पिठाच्या गिरणीची, पुली तिच्यासकट आली आणि तशीच राहिली. मोटरवर नऊ इंची पुली टाकली की 4320 होतात. लाटांचं कारण तेवढंच होतं आणि बडिगेर त्या लाटा इतकी वर्षं हातरंध्याने काढत आले होते! मी तसं बोललो तर ते हसले, ‘‘नोड्री, बघा, हिशेब येणारा माणूस पाहिजे.’’

मोटर थ्री फेज होती. आमचं मागाचं मीटर विणकामाच्या सवलतीचं होतं, माग गेल्यावर ते परत केलं. असतं तरी त्यावर सुतारकाम चालवता आलं नसतं. घरी सिंगल फेज. म्हणून मोटर त्यांच्याकडेच ठेवायची आणि मशीन तेवढं घ्यायचं असं ठरलं. 32 हजार म्हणत होते, मोटर सोडून 23 वर तुटलं. दोन एचपीची जुनी सिंगल फेज मोटर मी नंतर बेळगावात वेगळी घेतली आणि तिच्यासाठी जाड वायरची स्वतंत्र लाइन ओढली, नाहीतर सुरू होतानाच्या झटक्याला एमसीबी पडतो. पावती बडिगेरांनी कन्नडमध्ये लिहिली. माझं शिक्षण मराठीत, कन्नड मी बसची पाटी वाचावी तसं अक्षर जुळवत वाचतो. अप्पांनी मोठ्याने वाचून दाखवली, मग सही केली.

साडेतीनशे किलोचं धूड छोट्या हत्तीत चढवलं. वजन सगळं वर, त्यामुळे वळणावर कलंडायची भीती. खाली वाळूची पोती, चारी बाजूंनी दोर. हत्तरगीचा टोल निवांत गेला, वंटमुरीच्या घाटात मात्र मी मागे वळून वळून मान दुखवून घेतली.

उतरवायला क्रेन सांगणार होतो. गल्लीतली माणसं म्हणाली, क्रेन कशाला? माग हलवण्यात ज्यांचा जन्म गेला अशी चौघं आली, दोन पहारी आणि तीन पाइप घेऊन. पाइपांवरून मशीन गोठ्यातल्या म्हशीसारखं शहाण्यासारखं आत गेलं. दारात अडलं ते माझ्यामुळे. मशीनची लांबी, उंची सगळं मोजलं होतं, दाराची रुंदी मोजलीच नव्हती. दोन इंच कमी. करवतीचं टेबल आणि बाजूचं हँडल उतरवून आडवं घ्यावं लागलं. चहा दोनदा झाला.

दोन्ही बेरिंग बदलली. एक काम करवत लावायच्या आधीच केलं: उद्यमबागेत पत्र्याचं झाकण बनवून घेतलं. शाफ्ट एकच असल्यामुळे करवतीवर काम करताना शेजारी ब्लॉकही तेवढ्याच वेगाने फिरत असतो, आणि जुन्या मशीनवर त्याचं झाकण शंभरात एखाद्याकडे शिल्लक असतं. करवतीमागची पाचरही नव्हती, तीही करून घेतली. पाचर नसली की लाकूड पातं चिमटतं आणि उलटं अंगावर येतं.

पाती बसवायला अप्पांनीच शिकवलं. मागच्या बेडवर लाकडाची सरळ पट्टी ठेवायची आणि ब्लॉक हाताने फिरवायचा. पात्याने पट्टी दोन-तीन मिलिमीटर पुढे ओढली पाहिजे, दोन्ही टोकांना सारखीच. माझा पहिला दिवस एवढ्यातच गेला.

पहिलं काम म्हणून जुन्या घराचा सागवानी वासा घेतला. लोहचुंबक फिरवून खिळे काढले होते. एक आत तुटलेला राहिलाच. कर्रर्र झालं आणि दोन्ही पात्यांना एकाच जागी दात, म्हणजे खाच, पडला. तेव्हापासून प्रत्येक फळीवर दोऱ्याएवढी उंच रेघ. धार लावायला द्यावी तर पाती तेवढी झिजणार. अप्पा आले, एका पात्याचे स्क्रू सैल केले, पातं दीड मिलिमीटर बाजूला सरकवलं आणि परत आवळलं. एकाचा दात दुसऱ्याच्या धारेसमोर आला.

पुढच्या फळीवर रेघ नव्हती.