मस्कतला गेलो आणि पाटाचे फोटो काढून आलो

आमच्या तासगाव भागात नव्वदच्या दशकात गल्फला असलेल्याचं घर लगेच ओळखू यायचं. भिंतीवर दुसऱ्याच्या गाडीला टेकून काढलेला फोटो! माझाही आहे. मागं मस्कतमधल्या मत्राहचा समुद्र, पुढं पांढरी लँडक्रुझर, मालक कोण देव जाणे. मस्कतच्याच रुवी भागात वायरिंगची कामं करत होतो तोवर असलेच फोटो घरी धाडले. त्यात ओमान कमी आणि मीच जास्त.

गेल्या डिसेंबरात द्राक्षबाग धाकट्या भावाच्या गळ्यात टाकून पोराकडं मस्कतला गेलो, या वेळी स्वतःचा कॅमेरा घेऊन. जलाली, मिरानी किल्ले टिपले, पण ते पोस्टकार्डावरच बरे दिसतात. सुलतान काबूस मशीद २००१ मधली, म्हणजे माझ्या वेळी नव्हतीच.

ओमानमधल्याच निझवा गावातून मात्र पाय निघेना. तिथले फलज, म्हणजे आपले पाटच. अशा पाच फलजांना २००६ मध्ये युनेस्कोनं जागतिक वारसा केलंय, त्यातला दारिस इथलाच. मोटर नाही, पंप नाही. जमिनीखालचं पाणी नुसत्या उतारानं गावात येतं. आधी प्यायला, मग आंघोळीला, मग खजुरीला. पाण्याची पाळी वेळेवर मोजतात. साधारण अर्ध्या तासाला 'अथर' म्हणतात. पूर्वी दिवसा रोवलेल्या काठीची सावली बघायचे, रात्री चांदण्या. इतकी वर्षं त्या देशात काढली, पण हे बघायला कधी सुट्टीच मिळाली नाही.

एक म्हातारबाबा दारं मोडत होते, म्हणजे पाटाचं पाणी वळवत होते. पाटाच्या तोंडाला दगड, त्याला गुंडाळलेली चिंधी, फटीतून झिरपणारी पाण्याची बारीक धार. त्यांना विचारूनच कॅमेरा उचलला. अंगात पांढरा दिशदाशा, म्हणजे तिकडचा पायघोळ अंगरखा, वर कडक ऊन. अशा वेळी कॅमेरा पांढऱ्याला राखाडी करून टाकतो, म्हणून एक्स्पोजर एक स्टॉप वाढवलं, म्हणजे दुप्पट उजेड आत घेतला. बाबा हिंदीत म्हणाले, "इसका क्या फोटो निकालता है?" मी म्हटलं, मीपण हेच करतो.

सांगलीच्या लॅबमधून मोठ्या प्रिंट करून आणल्या. भावानं चष्मा लावून एकेक बघितली, सावलीच्या काठीचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आपल्यात हे बसवलं तर पयल्याच दिवशी कोणतरी काठी उपटून दुसरीकडं रोवंल."