गालात टोचणारी तार

पुढचे दात आत घ्यायचे म्हणून सुळ्यांमागची एकेक छोटी दाढ काढली. आरशात बघितलं तर दोन्ही बाजूंना सात-सात मिलिमीटरची खिंडारं! मला वाटलं, आता तार ओढली की संपलं.

पण ओढायचं कुणाला धरून? मागच्या दाढांना धरून पुढचे दात ओढले, तर रस्सीखेचीसारखं दोन्हीकडचे सरकतात. दाढा पुढे आल्या की दाढ काढून मिळवलेली जागा फुकट. माझे दात भलतेच पुढे होते, त्यामुळे ही उधळपट्टी परवडणारी नव्हती.

पहिल्या डॉक्टरांचं मत, आधी सुळे मागे न्यायचे आणि मग पुढचे चार. ओझं वाटलं गेलं की दाढांवर ताण कमी. पटलं मला. पण वेळ जास्त, शिवाय मधले काही महिने सुळ्याच्या पुढे फट. दुसऱ्या डॉक्टरांनी सहाही दात एकदम घ्यायचं सुचवलं, धरायला दाढांऐवजी हाडातले बारीक स्क्रू. खरं सांगायचं तर मी त्या फटीच्या धास्तीनंच दुसरा मार्ग धरला.

स्क्रू दीड मिलिमीटर जाडीचा, आठ लांबीचा. भूल दिल्यावर नुसता दाब जाणवला. डावा मात्र तीन आठवड्यांत हलायला लागला आणि जागा बदलून पुन्हा बसवावा लागला. ओढायला आधी रबरी चेन होती, पण तिचा बराचसा जोर पहिल्या दिवसातच ओसरतो. आता निकेल-टायटॅनियमची स्प्रिंग आहे. जोर टिकतो, पण तिच्यात अडकलेलं काढताना नाकी नऊ येतात.

नुसतं ओढलं तर दाताचा वरचा भाग आत कलतो आणि मूळ तिथंच राहतं. म्हणून तारेवर हिरडीच्या दिशेनं उंच हूक लावलेत. ओढ मुळाच्या जवळून गेली की दात सरळ सरकतो. ओठाला ते काचतात, ते वेगळं.

काम चाललंय हे मला आरशात नाही, गालात कळलं. दात मागे आले की तार शेवटच्या दाढेवर चिकटवलेल्या छोट्या धातूच्या नळीतून मागे निघते. आठव्या आठवड्यात जांभई देताना ती टोचली. रात्री मेण लावून झोपले. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी टोक कापून तळहातावर ठेवलं. तांदळाच्या कणीएवढं! दोन महिन्यांची कमाई.

डावीकडे अजून दोन मिलिमीटर बाकी आहेत. मेणाची डबी पर्समध्येच असते.